बर्फाचे क्रीडांगण

इ. स. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मस्किगन या गावी, शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी एक खेळणे तयार केले. त्या जोडफळीवर उभ्या राहून मुली बर्फाच्या उतारावरून घसरू लागल्या. आजच्या स्नोबोर्डचे हे आद्य रूप होय. १९९८ साली जपानमधील नागानो येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले, आणि २०१४ साली सोची येथील पॅरालिंपिकमध्ये कृत्रिम पायांचे खेळाडूही स्नोबोर्डवर उभे राहिले.

उड्या व कसरती यांसाठी डोंगरउतारावर जी खास जागा आखतात, तिला टेरेन पार्क म्हणतात. बर्फाचे उंचवटे, लांबट पेट्या आणि लोखंडी दांडे यांची तेथे मांडणी असते. परंतु काल प्रथमच फळीवर उभा राहिलेला मुलगा आणि हवेत गिरक्या घेणारा कसलेला खेळाडू, या दोघांना एकच वाट कशी पुरावी? यास्तव पुष्कळ ठिकाणी लहान, मध्यम, मोठी आणि अतिमोठी अशा वाटा वेगळ्या ठेवतात. नवशिक्याची पेटी रुंद असते व बर्फाला जवळजवळ टेकलेली असते. तोल गेलाच, तर तो फार तर वीतभर उंचीवरून पडतो.

खरी परीक्षा उडीची. तिच्यासाठी अलीकडे चढ, मध्ये सपाट माथा आणि पलीकडे उतरण असा बर्फाचा ढीग रचतात. पाहणाऱ्यांचे डोळे चढाकडे लागतात; जाणत्या आखणीकाराचे मात्र उतरणीकडे. तीन मीटरांवरून सपाट जागेवर आदळणाऱ्याचा पाय मोडू शकतो. तोच खेळाडू आपल्या उड्डाणाच्या दिशेशी जवळजवळ समांतर असलेल्या उतरणीवर आला, तर फळी अलगद टेकून पुढे घसरत जाते. वेग तोच असतो. पण त्याचा बर्फावर आपटणारा अंश अल्प होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापक मॉण्ट हबर्ड यांनी २००९ साली याचे गणित मांडले. उडी जवळ पडो वा लांब, आघात ठरावीक उंचीवरून पडण्याइतकाच व्हावा, अशी उतरण आखता येते हे त्यांनी दाखविले.

चढाच्या टोकालाही बाक नसावा. शेवटपर्यंत चढ वर वळत गेला, तर शरीराला मागे फिरण्याची गती मिळते आणि खेळाडू हवेत उलटा होऊन मानेवर पडण्याचे भय असते. टोकाचा थोडा भाग सरळ ठेवणे हाच त्यावर उपाय.

शिवाय बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी थिजलेल्या बर्फावरून फळी सुसाट जाते; दुपारी उन्हाने तो मऊ झाला, की गती मंदावते आणि उतरणीवर पोचावयाची उडी माथ्यावरच आपटते. म्हणून रात्री पट्ट्यांवर चालणारी अवजड यंत्रे ढिगांना पुन्हा आकार देतात. सकाळी एखादा कर्मचारी स्वतः उडी घेऊन पाहतो. त्याचे समाधान होईपर्यंत वाटेच्या तोंडाशी दोरी बांधलेली असते.