वार्धक्य, व्यायाम आणि कला

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, ती खरी कीं खोटी याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आजीनें पाण्याची कळशी उचलली कीं, आपण ती तिच्या हातून घेतों आणि ‘आतां तूं स्वस्थ बस’ असें म्हणतों. यामागील माया खरी असते. परंतु या मायेनें आजीचें हित होतें काय, हा प्रश्न आम्ही या लेखांत विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शरीराचा विचार करूं. स्नायूंचें बळ तारुण्यानंतर हळूहळू ओसरूं लागतें व साठीनंतर हा ऱ्हास अधिक वेगानें होतो. डोळे, अंतःकर्ण आणि पायांतील संवेदना यांच्या साह्यानें आपण तोल सांभाळतों. उतारवयांत हीं तिन्ही साधनें मंद होतात. मग पडण्याची भीति वाटते. भीतीमुळें मनुष्य बसून राहतो. बसून राहिल्यानें पाय अधिक दुर्बळ होतात आणि पडण्याचा संभव उलट वाढतो. हें चक्र वयामुळें सुरू होतें खरें. पण त्याला वेग येतो तो निष्क्रियतेमुळें.

तें उलटें फिरवितां येतें काय? अमेरिकेंतील बोस्टन येथें, शुश्रूषागृहांत राहणाऱ्या सुमारें नव्वद वर्षांच्या दहा दुर्बळ व्यक्तींना आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा पद्धतशीर व्यायाम देण्यांत आला. त्याचा वृत्तांत १९९० सालीं प्रसिद्ध झाला. नऊ जणांनीं हा क्रम पुरा केला व पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ पावणेतीनपट झालें. माणसें थोडीं होतीं आणि त्यांच्यावर जाणत्यांची देखरेख होती, हें विसरूं नये. तरी नव्वदीचा स्नायुहि शिकवणीला प्रतिसाद देतो, एवढें यावरून दिसून आलें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांप्रमाणें, पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनीं आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी. निदान दोन दिवस स्नायूंचे व निदान तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत. आणि इतकें न झेपल्यास आपल्या शक्तीप्रमाणें करावें. यासाठीं तालीमखाना लागत नाहीं. चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये, इतपत वेग म्हणजे मध्यम श्रम. खुर्चीवरून सावकाश उठणें व बसणें हा मांड्यांचा उत्तम व्यायाम. भक्कम खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणें आणि भिंतीलगत एका पावलाच्या चवड्यापुढें दुसऱ्याची टाच टेकवीत चालणें, यांनीं तोल सुधारतो. ज्यांस हृदयविकारादि दुखणें असेल त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. छातींत दुखूं लागल्यास किंवा घेरी आल्यास तत्काळ थांबावें.

असा व्यायाम आरंभिणारे पुष्कळ, पण एकट्यानें टिकविणारे थोडे. म्हणून वर्गाचें महत्त्व. जपानांत १९२८ सालीं रेडिओवरून संगीताच्या तालावर सोपे व्यायाम शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला. महायुद्धानंतर त्यांत खंड पडला, पण १९५१ सालीं तो नव्या रूपांत परत आला. आजहि सकाळीं साडेसहा वाजतां तेथील उद्यानांत वृद्ध मंडळी त्यासाठीं एकत्र जमतात. आपल्या मुंबईंत डॉ. मदन कटारिया यांनीं १३ मार्च १९९५ रोजीं अवघ्या पांच माणसांनिशीं हास्यक्लब आरंभिला. त्याचें अनुकरण पुढें देशोदेशीं झालें. ‘काल आपण कां आला नाहींत?’ असें विचारणारा सोबती भेटला कीं, अंथरुणांतून उठण्याला कारण मिळतें.

आतां कलेकडे वळूं. अमेरिकेंतील शेतकरी स्त्री ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस हिचा जन्म १८६० चा. संधिवातामुळें भरतकामाची सुई धरवेना, तेव्हां सत्तरी उलटून गेल्यावर तिनें कुंचला हातीं घेतला. १९४० सालीं न्यूयॉर्क येथें तिच्या चित्रांचें स्वतंत्र प्रदर्शन भरलें आणि १९६१ सालीं, एकशेंएक वर्षांची होऊन, ती वारली. फ्रेंच चित्रकार मातीस यानें १९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, चाकांच्या खुर्चीला खिळला असतां, रंगविलेले कागद कात्रीनें कापून एक नवीनच कला निर्माण केली.

हीं असामान्य माणसें झालीं; सामान्यांचें काय? डॉ. जीन कोहेन यांनीं २००१ सालीं सुरू केलेल्या एका अभ्यासांत वॉशिंग्टन येथील वृद्धांचा एक गट दर आठवड्यास समूहगायन शिकूं लागला व जाहीर कार्यक्रमहि करूं लागला. दुसऱ्या गटाचा नित्यक्रम पूर्ववत् राहिला. सरासरी वय ऐंशीच्या घरांत होतें. वर्षानंतर पाहतां, गाणाऱ्यांचें पडणें, डॉक्टरांकडे जाणें व औषधें घेणें हीं दुसऱ्या गटापेक्षां कमी आढळलीं.

या वर्गांत वृद्धांना बालकांप्रमाणें रमविण्यांत येत नव्हतें, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्यांना नवीन व कठीण कांहीं शिकावें लागे, आणि शिकलेलें लोकांसमोर मांडावें लागे. अशा वर्गाचें साहित्य आपल्या घरींहि आहे. गोधडीची शिवण, रांगोळीचे ठिपके, ओंव्या, भजनाचा ठेका यांत हात, श्वास आणि स्मरण तिन्ही राबतात. गांवोगांवच्या ज्येष्ठ नागरिक संघांनीं यांना व्यायामाची जोड दिल्यास पुष्कळ साधेल.

विद्यार्थ्यांनीं काय करावें? आजीच्या हातून जड कळशी अवश्य घ्यावी. पण तांब्या तिच्याकडेच राहूं द्यावा. आजोबांबरोबर रोज सायंकाळीं त्यांच्या चालीनें फिरावयास जावें. आणि या सुटींत आजीजवळ गोधडीचा टांका शिकून तिला आपल्याकडील एखादी नवी विद्या शिकवावी. आजोबांना कागदावरील चित्र आणि आजीला एखादें नवें गाणें शिकवितां येईल. वर्ग भरविण्यास दोन माणसें पुरतात, आणि त्यांतील एक तुम्ही आहांत.