क्रीमचा डबा आणि 'ट्रान्स फॅट फ्री'

प्रश्न: केकच्या व्हिपिंग क्रीमवर 'ट्रान्स फॅट फ्री' छापलंय, पण घटकांत 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' आहे. खरं काय मानायचं?

उत्तर: दोन्ही खरं असू शकतं. आपल्याकडे १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर 'फ्री' म्हणता येतं. ट्रान्स फॅट मुख्यतः तेल अर्धवट हायड्रोजनेट केल्यावर तयार होतं. पूर्ण केलं तर जवळजवळ उरत नाही. उरते ती संपृक्त चरबी. म्हणून तिची, म्हणजे 'सॅच्युरेटेड फॅट'ची ओळ आधी वाचा. जानेवारी २०२२ पासून तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे. लेबल असलेल्या डब्यापेक्षा मला खरी धास्ती सुट्या नानकटाईची वाटते. कागदाच्या पुडीला लेबल कुठलं? बेकरीवाल्यालाच विचारा, वनस्पती तूप घालता की लोणी?