कच्च्या दुधांतील घातक जंतु व त्यांची परीक्षा

जें दूध नासलें नाहीं तें निर्दोषच, असा शेतकरीवर्गांत जुना समज आहे. धारोष्ण दूध अंगीं बळ आणतें म्हणून यवत येथें आमच्या घरींही मुलांस गोठ्यांतच पेला भरून देत असत. ह्या समजुती कितपत खऱ्या, हें येथें पाहावयाचें आहे.

गेल्या वैशाखांत आमच्या घरचें दूध संकलन केंद्रावरून परत आलें. प्रथम आम्हांस राग आला. परंतु शोध करितां चूक आमचीच निघाली. किटली आदल्या रात्रीं नुसत्या पाण्यानें विसळलेली होती व दूध दोन घटका उन्हांत राहिलें होतें. निरोगी कासेंतून निघणाऱ्या दुधांत जंतु थोडे असतात. शेण, न धुतलेले सड, हात व भांडीं यांवाटे ते वाढतात. अनुकूल उबेंत कांहीं जंतु सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे ४ तासांत ४,०९६ होतात.

हा बिघाड ओळखण्याच्या दोन परीक्षा आहेत. पहिली उकळीची. नळींतील थोडें दूध उकळत्या पाण्यांत ५ मिनिटें धरावें. गुठळ्या झाल्यास आंबटपणा वाढला असें समजावें. दुसरी निळ्या रंगाची. १० मिलिलिटर दुधांत १ मिलिलिटर मिथिलीन ब्ल्यूचें द्रावण घालून नळी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यांत ठेवितात. जंतु दुधांतील प्राणवायु खाऊन टाकितात, तसतसा रंग उडतो. ५ तास वा अधिक टिकल्यास दूध उत्तम. अर्ध्या तासांतच उडाल्यास निकृष्ट.

परंतु ह्या परीक्षेंत जंतु किती हें कळतें, कोणते हें कळत नाहीं. येथेंच पुष्कळांची फसगत होते. ब्रुसेला नांवाचा जंतु थोडा असला तरी घातक. त्यानें दूध नासत नाहीं, वासही बदलत नाहीं. गाय गाभडते, आणि मनुष्यास उलटून उलटून ताप येतो व सांधे धरतात. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस यांनीं माल्टा बेटांत हा जंतु शोधिला. १९०५ सालीं झॅमिट यांस तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत आढळला. १९०६ सालीं तेथील फौजेंत शेळीचें दूध बंद होतांच तापाचे रोगी झपाट्यानें कमी झाले.

ह्यासाठीं निराळी कडें-परीक्षा आहे. रंगविलेले मृत जंतु दुधांत मिसळितात. रोगाविरुद्ध जनावराच्या शरीरानें निर्माण केलेलीं द्रव्यें दुधांत असल्यास वर सायीशीं रंगीत कडें दिसतें. अशा जनावराच्या रक्ताची तपासणी पशुवैद्याकडून करवून मगच निर्णय करावा.

तात्पर्य, दूध उकळल्यावांचून कोणासही देऊं नये. उकळीनें हे जंतु मरतात. गाय गाभडल्यास वार व मृत गर्भ उघड्या हातांनीं उचलूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावा. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींस लस टोंचवावी. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत तिची तरतूद आहे. आमच्या घरांतील गोठ्यांतला पेला आतां चुलीवरून फिरून येतो. मुलांचें बळ त्यानें तिळमात्र उणें झालेलें नाहीं.