होकायंत्राचा काटा आणि ‘स्वयम्’

होकायंत्र टेबलावर ठेविले असता काटा प्रथम डोलतो व मग दक्षिणोत्तर स्थिरावतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. गणेशपुरीस तानसेकाठी जो नियम चालतो, तोच पाचशे किलोमीटर उंचीवरही चालतो. त्याच्याच आधारे आपल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी एक उपग्रह सिद्ध केला.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात घडलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून आणखी १९ उपग्रहांसमवेत अंतराळात गेला. वजन सुमारे १ किलोग्रॅम. प्रत्येक बाजू सुमारे १० सेंटिमीटर. हौशी रेडिओचालकांचे संदेश पोहोचविणे हे त्याचे एक कार्य. विजेवाचून स्वतःस स्थिर राखून दाखविणे हे दुसरे.

त्यासाठी आत कायम चुंबक बसविला. तो उपग्रहास पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या अनुरोधाने वळवितो. परंतु त्याचे डोलणे थांबावे कसे? मृदु चुंबकीय धातूच्या कांड्या त्या हेलकाव्यांची शक्ती उष्णतेत पालटून ते शमवितात.

एस्टोनिया या चिमुकल्या देशाच्या विद्यार्थ्यांनीही २०१३ मध्ये असाच लहान उपग्रह पाठविला. त्यातील तार उलगडली नाही. तथापि त्यांचा अभ्यास वाया गेला नाही.

‘स्वयम्’चे काम अनेक वर्षे चालले. पेरणारे पदवी घेऊन गेले, कापणी मागून आलेल्यांनी केली. म्हणून पालकांस आमची विनंती आहे: मुलाने ‘काटा का वळतो?’ असे विचारिले, तर त्यास गप्प बसवू नका. पेरणीचा काळ तोच होय.