हस्तलिखितापासून संकेतस्थळाकडे

प्रस्तावना : शाळाशाळांतून हस्तलिखित अंक काढण्याची प्रथा जुनी आहे. परंतु त्याची प्रत एकच असते. शिक्षकाची बदली झाली की अंक कपाटात पडतो आणि पुढे वाळवीच्या स्वाधीन होतो. हल्ली पुष्कळ शिक्षक आपले लेखन मोबाईलवरील गटात पाठवितात. तेही आठवडाभरात नव्या संदेशांखाली गाडले जाते. दुसऱ्याच्या जागेत मांडलेले लेखन जागामालकाच्या मर्जीवर राहते. अमेरिकेतील ‘जिओसिटीज’ या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पाने मांडली होती. २००९ साली जपानखेरीज सर्वत्र ती सेवा बंद झाली. मूळ प्रत जवळ न ठेवणाऱ्यांच्या श्रमांवर त्यामुळे संकट आले.

हेतुकथन : आपले पान स्वतः रचावे व त्याची मूळ प्रत आपल्या हाती राखावी, हे या पाठाचे उद्दिष्ट होय.

विषयप्रतिपादन : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. म्हणूनच पान रचण्यास कोणाची परवानगी लागत नाही. संगणकातील साधे ‘नोटपॅड’ पुरते.

प्रथम एक फोल्डर करावा. त्यात ‘इंडेक्स’ नावाची, ‘एचटीएमएल’ प्रकारची फाईल ठेवावी. संकेतस्थळाचे पहिले पान बहुधा याच नावाने ओळखले जाते. मजकूर देवनागरीत लिहावा. त्याभोवतीच्या खुणा मात्र रोमन अक्षरांत, कोनी कंसांत घालाव्यात. मथळ्यास ‘एच-वन’, परिच्छेदास ‘पी’ आणि दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यास ‘ए’ ही खूण असते. उघडलेली खूण तिरकी रेघ देऊन मिटवावी. अवतरणचिन्ह उघडून मिटविण्याचे विसरले तर वाक्य बिघडते, तसेच येथेही घडते.

पानाच्या ‘हेड’ या भागात अक्षरसंकेत ‘यूटीएफ-८’ असल्याचे नमूद करावे, अन्यथा अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फाँटात टंकलेले मराठी दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असे नाही. ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळही घालावी. ती नसल्यास मोबाईलवर अक्षरे बारीक दिसतात.

चित्रांविषयी संयम असावा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे दोन हजार चिन्हांचा पाठ सुमारे सहा हजार बाइटांचा होतो. तीस लाख बाइटांचे एक छायाचित्र अशा पाचशे पाठांइतके जड असते. जेथे नेटवर्क मंद आहे तेथे पालकाला पाठ मिळेल, चित्राची मात्र वाट पाहावी लागेल. म्हणून चित्र लहान करून घ्यावे व त्याचे वर्णन शब्दांत द्यावे. अंध वाचकाला त्याचाच आधार असतो. मुलांची नावे व छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून कदापि देऊ नयेत.

तयार पान ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. पुढे ते सर्वांना दिसावे म्हणून यजमान संगणकावर चढवावे लागते. स्वतंत्र नाव घेतल्यास त्याचे शुल्क मुदतीत भरावे लागते. यजमान बदलला तरी फोल्डर आपलाच राहतो. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर अवश्य असावी.

संकलन : साधा मजकूर, नेमक्या खुणा, हलकी चित्रे आणि जवळची मूळ प्रत, या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

उपयोजन :
१. गावच्या आठवडी बाजारावर दहा ओळींचे पान रचावे.
२. त्यातील एक मिटविणारी खूण मुद्दाम काढून काय बदलते ते पाहावे व पुन्हा घालावी.
३. गावातील झाडांच्या स्थानिक नावांचे दुसरे पान करून ते पहिल्यास जोडावे. ही नावे सांगणारी वडीलधारी माणसे आज गावात आहेत, तोवरच हे काम हाती घेणे इष्ट.