अभ्यासपाठ : सूर्य उगवल्यावर

वाचनासाठी : निर्गम २२:२-३, १ राजे २१:१-१६



गेल्या पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या एका ठाकरवाडीवर आमची महिन्याची बैठक होती. विषय बियाण्यांचा होता. बैठक उठता उठता साठीच्या पुढचे एक बाबा म्हणाले, "भाऊ, एक इचारायचं व्हतं. खालच्या गावचा माणूस माझ्या रानात ट्रॅक्टर घालून गेला. बांधच मोडला. पुन्हा आला तर कोयता उचलू का नको? पोरं म्हणत्यात उचला, सवताच्या रानासाठी मारलं तर गुन्हा लागत नाही." सगळी वाडी माझ्याकडे बघू लागली. मी डिप्लोमा केला तो ईश्वरविज्ञानाचा, वकिलीचा नव्हे. पुढच्या बैठकीत सांगतो म्हणालो आणि घरी येऊन दोन पुस्तके उघडली, एक पवित्र शास्त्र आणि दुसरे भारतीय न्याय संहिता. नंतर एका जाणत्या वकिलांकडून ते तपासूनही घेतले.

मोशेच्या नियमशास्त्रात याच प्रश्नावर दोन छोटी वचने आहेत. चोर घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येत नाही. पण सूर्य उगवल्यावर तसे घडले, तर दोष येतो. चोर तोच, घर तेच, फरक फक्त उजेडाचा. अंधारात घरात शिरलेला माणूस शेळीसाठी आला की गळ्यासाठी, हे कळायला मार्ग नसतो आणि हाकेला कोणी येईल याची खात्री नसते. दिवसा तोंड ओळखता येते, शेजारी धावतात, वेशीवर वडीलजन बसलेले असतात. म्हणून दिवसा चोराचाही जीव राखायचा.

आपला आजचा कायदा याच्या किती जवळ आहे हे पाहून मला आश्चर्य वाटले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. जुनी ९६ ते १०६ ही कलमे आता ३४ ते ४४ झाली आहेत. गाभा तोच आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो तो मोजक्याच प्रसंगी : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, आणि प्राण जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा रीतीने केलेली चोरी, नासधूस किंवा गृहअतिक्रमण. तेव्हासुद्धा गरजेपेक्षा जास्त इजा चालत नाही.

बाबांचे रान यात बसत नाही. दिवसाढवळ्या कोणी शेतात घुसला, तर त्याला अडवता येते, हाताला धरून बाहेर काढता येते, गरज पडेल तेवढे बळही वापरता येते; पण जीव घेता येत नाही. तो निघून गेला की हक्क संपला. मागे धावून जाऊन पाठीत घातलेला घाव हा बचाव नव्हे, तो सूड आहे, आणि न्यायालय त्याला तेच नाव देते. शिवाय पोलिसांकडे किंवा अन्य अधिकाऱ्यांकडे जायला वेळ होता, तर स्वसंरक्षणाचा हक्क उरतच नाही. "पुन्हा आला तर" म्हणून आठ दिवस कोयता पाजळणाऱ्याकडे आठ दिवस वेळ होताच की!

काही सभासद मला विचारतात, ख्रिस्ती कार्यकर्त्याने हे शिकवावेच का, आपल्याला तर दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे. गाल माझा असेल तर मी प्रयत्न करीन. रात्री झोपडीचे दार कोणी ढकलले तर त्या विधवेला तिचा गाल पुढे करायला सांगणारा मी कोण?

आता अवघड भाग. १९७५ साली पूरनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'स्थिर ताबा' म्हणजे काय ते स्पष्ट केले. ताबा पुरेशा काळाचा असेल, मूळ मालकाला ठाऊक असेल आणि ताबेदाराने पीक उभे केले असेल, तर खऱ्या मालकालाही ते पीक मोडून बळाने रान परत घेता येत नाही. त्याने न्यायालयात जावे. याला दोन्ही बाजूंनी धार आहे. वर्षानुवर्षे कसत आलेल्या आदिवासीला कोणी दांडगाईने हुसकू शकत नाही. वनजमिनीवरचा दावा पडताळून निकाली निघेपर्यंत वनखात्यालाही तसे करता येत नाही, असे २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(५) सांगते. पण बाबांनी गप्प राहून घुसखोराला पेरू दिले, कापू दिले, तर उद्या तोच म्हणेल, ताबा माझा.

म्हणून खरी घाई कोयत्याची नाही, तारखेची आहे. १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे शेतजमिनीचा ताबा परत मागता येतो. मुदत ताबा गेल्यापासून सहा महिने. दिवाणी न्यायालयात विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा लावायचा तर मुदत तेवढीच, आणि तिथे मालकी कोणाची हे न बघता ताबा कोणाचा होता एवढेच बघतात. घुसणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर आदिवासीची जमीन बेकायदा बळकावणे, कसणे किंवा पीक नासवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(फ) व (ग) खाली गुन्हाही आहे.

"पण तो म्हणतो, तुझ्या बापानं मला लिहून दिलंय," असे पुढच्या बैठकीत बाबा म्हणाले, तेव्हा मला नाबोथ आठवला. त्याच्या द्राक्षमळ्याचे कुंपण कोणी मोडले नाही. ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि मळा गेला. सगळे कसे कागदोपत्री! आपल्या भागाला हे नवे नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण आपल्या पारनेर-श्रीगोंद्याकडेही आले, तेव्हा लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. कागद हिसकायचे आणि जाळायचे. १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यातूनच आला. आज जाळायची गरज नाही, वाचायची आहे. ६ जुलै १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण सोडून बाकी व्यवहाराला शासनाचीही पूर्वमान्यता लागते. शंभराच्या स्टॅम्पवरचा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे.

आता थोडे आपल्याकडे वळतो, कारण हे वार्तापत्र वाचणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची शेती आहे. घुसखोर नेहमी ट्रॅक्टरवरच येतो असे नाही. कधी तो सरपण गोळा करणारी भिल्ल बाई असतो, कधी वाट चुकलेला पारधी पोरगा. डुकरांसाठी म्हणून तारेत करंट सोडण्याची सवय जिल्ह्यात आहे, आणि मंडळीतल्या चांगल्या माणसांकडूनही मी तिचे समर्थन ऐकले आहे. बिहारमधल्या चेरुबिन ग्रेगरी खटल्यात शेजारची बाई आपल्या शौचालयाची भिंत पडल्यामुळे आरोपीचे शौचालय वापरू लागली. तोंडी सांगून ती ऐकेना, म्हणून त्याने वाटेवर उघडी वीजतार बांधली. ती मेली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. विनापरवानगी आत आलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही आणि अशा तारेला स्वसंरक्षण म्हणता येत नाही, असा तो निकाल आहे.

शेळ्या पिकात शिरल्या तर कोंडवाडा आहे. १८७१ च्या कायद्याने जनावरे धरून चोवीस तासांच्या आत तिथे पाठवायची असतात, मेंढक्याला झोडपायचे नसते. त्याच १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदाही झाला. तो १९५२ मध्ये गेला, पण माणूस बघताच 'चोर' म्हणण्याची खोड गेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरे पळवणारे समजून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. दिवस होता. सूर्य चांगला वर आला होता.

बाबांचा सातबारा आम्ही काढला. नाव त्यांचेच आहे, फेरफार नाही. बांध मोडल्याला तेव्हा चार महिने होत आले होते. तहसीलदारांकडे अर्ज गेला, सोबत शेजारच्या तीन शेतकऱ्यांचे जबाब आणि मोडलेल्या बांधाचे फोटो. सुनावणी लागली आहे. कोयता पुन्हा गवत कापायला लागला.