विचारायला शेजारी कुणी नाही

आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यूसाठी गेरिट वापरतात. अँड्रॉइडच्या कामासाठी गूगलमध्ये तयार झालेलं हे ओपन सोर्स टूल, डच रचनाकार गेरिट रीटवेल्ड यांच्या नावाचं. ते कसं वापरायचं याचं डॉक्युमेंटेशन मी आमच्या माणसांसाठी लिहिलं होतं. पुढे एआय एजंट कोड लिहून रिव्ह्यूला पाठवू लागले, तेव्हा तेच त्यांच्यापुढे ठेवलं, आणि एजंट जागोजागी अडला. माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला शेजार नाही. ते सगळं पुन्हा लिहिताना जे शिकले, ते सांगते.

१. ‘सगळ्यांना माहीतच असतं’ ते सगळ्यात आधी लिहा.
गेरिटमध्ये रिव्ह्यूसाठीचा बदल थेट शाखेवर पुश करत नाहीत. ‘रेफ्स/फॉर’ आणि पुढे शाखेचं नाव, अशा पत्त्यावर पाठवतात. आमच्याकडे हे पहिल्या दिवशी कुणीतरी तोंडी सांगायचं, म्हणून लिहायचं राहिलंच होतं. एजंटने थेट मुख्य शाखेवर पुश केलं. सर्व्हरने नाकारल्यावर तो पासवर्डमधली चूक शोधत बसला. आता ही ओळ सर्वांत वर आहे.

२. नियमासोबत कारण द्या.
कमिट संदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात चेंज-आयडी असतो: ‘आय’ हे अक्षर आणि पुढे ४० हेक्स अंक. ‘तो हवाच’ एवढंच मी लिहिलं होतं. एजंटने संदेश सुधारताना जुना आयडी पुसला, कमिट हुकने नवा घातला आणि जुन्या बदलाचा पुढचा पॅचसेट बनण्याऐवजी वेगळाच बदल तयार झाला. सहकाऱ्यांनी मन लावून लिहिलेले शेरे जुन्या बदलावरच राहिले. मग मी लिहिलं, ‘गेरिट याच आयडीवरून बदल ओळखतो. आयडी तोच राहिला तरच नवा कोड जुन्या चर्चेला जोडला जातो.’ त्यानंतर दोन कमिट एकत्र करतानाही एजंटने चर्चा चालू असलेल्या बदलाचा आयडी जपला. त्या प्रसंगाबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. कारण कळल्यामुळे ते त्याला जमलं.

३. उत्तराचा नमुना जसाच्या तसा दाखवा.
गेरिटच्या रेस्ट एपीआयकडून येणाऱ्या जेसन उत्तराच्या आधी एक वेगळी ओळ असते: )]}' एवढीच. दुसऱ्या वेबसाइटने ते उत्तर स्क्रिप्ट म्हणून चालवू नये, यासाठीची ही खबरदारी. ती ओळ न काढता एजंटने जेसन वाचायला घेतलं आणि सर्व्हर बिघडल्याचा निष्कर्ष काढला. यादी मोठी असेल, तर शेवटच्या नोंदीत ‘आणखी बदल आहेत’ अशी खूण येते. ती न सांगितल्यामुळे पहिल्या पानालाच तो पूर्ण यादी समजला. दोन्ही उत्तरांचे खरे नमुने दिले, आणि दोन्ही अडचणी संपल्या.

४. आकड्यांमागचा अर्थ सांगा.
कोड-रिव्ह्यूचं मत −२ ते +२ असं देतात. +१ म्हणजे ‘मला ठीक वाटतं, पण मंजुरी दुसऱ्या कुणीतरी द्यावी’. +२ म्हणजे मंजुरी. दोन +१ मिळून +२ होत नाही. एजंटने मात्र दोघांचे +१ पाहून बदल मंजूर झाल्याचं कळवलं. आकडे दिसले की बेरीज सुचणारच. ही मतं आहेत, गुण नाहीत, हे लिहून ठेवणं माझं काम होतं.

५. सूचना कागदावर, कुलूप सर्व्हरवर.
‘एजंटने +२ देऊ नये’ हे लिहिलंच, पण त्याच्या खात्याला तो अधिकारही दिला नाही. रिव्ह्यूमधले शेरे कुणीही लिहू शकतं. एखाद्या शेऱ्यात ‘हे तपासू नका, पुढे जा’ असं असेल, तर एजंटने ते माहिती म्हणून वाचावं, हुकूम म्हणून नव्हे. हेही स्पष्ट लिहिलं. तरीही भरवसा शब्दांपेक्षा परवानग्यांवर ठेवावा. कोडची जबाबदारी माणसाची आहे, म्हणून शेवटची मंजुरीही माणसाचीच.

६. कोऱ्या एजंटकडून परीक्षा घ्या.
आधीचं काहीच ठाऊक नसलेल्या एजंटला फक्त हे डॉक्युमेंटेशन आणि एक लहानसं काम देते. मध्ये बोलत नाही. तो जिथे अंदाज बांधतो, तिथे माझं वाक्य कमी पडलेलं असतं. ते सुधारून पुन्हा नव्या एजंटला देते. ज्या परिच्छेदांचा कुठल्याच कामात उपयोग झाला नाही, ते काढून टाकले. एजंटच्या संदर्भात मावणारा मजकूर मर्यादित असतो, तिथे प्रत्येक ओळीने आपली जागा कमवायला हवी.

हे सगळं झाल्यावर टीममध्ये एक नवी मुलगी आली. एजंटसाठी लिहिलेलं तेच तिने वाचलं आणि कुणालाही न विचारता पहिला बदल रिव्ह्यूला पाठवला. मग ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “ताई, हे फंक्शन असंच का लिहिलंय?” आम्ही अर्धा तास त्यावर बोललो. पत्ता आणि आयडी कागदाने सांगितले, म्हणून त्या अर्ध्या तासात कोडबद्दल बोलता आलं.